कुंडीतला अननस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्याच्या टपालात अननसाविषयीची पत्रे एवढी आली, की इतर झाडांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून हे सदर अननसालाच द्यावे असे ठरवले. बहुतेक पत्रे बाल्कनी, खिडकीची ग्रिल किंवा सोसायटीची गच्ची एवढीच जागा हाताशी असलेल्या वाचकांची आहेत. त्यामुळे उत्तरेही मुंबईची हवा, मुंबईचा पाऊस आणि कुंडीची मर्यादा लक्षात घेऊन दिली आहेत. ज्या पत्रांचा आशय एकच होता, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न (विलेपार्ले) : अननस झाडावर लागतो की जमिनीत, यावरून आमच्या घरी मुलांमध्ये वाद झाला. एका झाडाला किती फळे येतात? आणि फळात बी का सापडत नाही?

उत्तर : दोन्ही बाजूंनी थोडा थोडा माघार घ्यावा लागेल. अननस वृक्षावर लागत नाही आणि जमिनीतही पोसत नाही. त्याचे रोप साधारण मीटरभर उंचीचे असते. खोड अगदी आखूड, आणि त्याभोवती लांब, कडक पानांचा घेर. दुरून पाहणाऱ्याला ते केवड्याचे लहान बेट वाटावे. या घेराच्या अगदी मधोमध, खोडाच्या टोकातून एक जाड दांडा वर येतो आणि त्यावर फुलोरा धरतो. एका फुलोऱ्यात साधारण शंभर ते दोनशे फुले असतात. ती जांभळट निळी असतात, खालून वर अशी क्रमाने उमलतात, आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. म्हणून संपूर्ण फुलोरा उमलून संपायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढे या सर्व फुलांचे अंडाशय, त्यांखालची उपपर्णे आणि मधला दांडा असे सगळे मांसल होऊन एकमेकांत मिसळते, आणि त्याचा अननस होतो. सोलताना आपण जे ‘डोळे’ कोरून काढतो, त्यांतला प्रत्येक डोळा हे एकेकाळचे एक फूल आहे. मुलांना हे दाखवायचे असेल, तर अख्खे फळ हातात देऊन डोळ्यांच्या तिरप्या ओळी मोजायला सांगा : एका दिशेने आठ, उलट दिशेने तेरा, आणि अधिक उभ्या चढणाऱ्या ओळी मोजल्या तर बहुधा एकवीस भरतात.

एका खोडाला एकच फळ येते, कारण खोडाचा वाढता कोंबच फुलोऱ्यात बदललेला असतो. फुलोरा संपला तरी तो कोंब मात्र संपत नाही. फळाच्या माथ्यावर तो पुन्हा पाने काढू लागतो, आणि तोच आपल्याला दिसणारा हिरवा तुरा. तुरा मातीत लावला की त्याचे रोप होते, याचे कारणही हेच आहे.

बी न सापडण्याचे कारण असे, की अननसाच्या एखाद्या जातीच्या फुलावर त्याच जातीचा पराग पडला तरी फलन होत नाही, आणि एका शेतातील सर्व रोपे बहुधा एकाच जातीच्या फुटव्यांपासून केलेली असतात. शेजारी दुसरी जात असेल आणि पराग वाहून नेणारा कोणी असेल, तर सालीलगतच्या भागात बारीक, तपकिरी, कडक बिया धरतात. हवाई बेटांवर हमिंगबर्ड पक्षी आणण्यास बंदी आहे, ती याच बियांच्या धास्तीने घातली गेली.

अननसाचे मूळ दक्षिण अमेरिकेतले, आजच्या ब्राझील आणि पॅराग्वेच्या परिसरातले. कोलंबसाच्या लोकांना तो १४९३ साली ग्वाडेलूप बेटावर भेटला, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला. आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारो अननस पिकतात, असे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आग्र्याच्या कडक उन्हाळ्यात आणि बोचऱ्या थंडीत ज्यांनी तो पिकवला, त्यांच्या मानाने मुंबईकराचे काम पुष्कळच सोपे आहे.

प्रश्न (दादर) : बाजारातून आणलेल्या अननसाचा तुरा मी कुंडीत लावून पाहते. पंधरा-वीस दिवस तो हिरवा राहतो. नंतर मधली पाने ओढताच हातात येतात आणि बुडाला कुजका वास येतो. रोज पाणी घालूनही असे का होते?

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. तुऱ्याला मुळे नसतात, त्यामुळे रोज घातलेले पाणी तो पिऊ शकत नाही. ते नुसते बुडाशी साठून राहते. त्यात बुडाला फळाचा गर चिकटलेला राहिला, तर बुरशीला आयतेच खाद्य मिळते.

सुरुवात फळ निवडण्यापासून करावी. तुऱ्याची पाने ताठ आणि हिरवी असावीत, आतल्या बारीक पानांवर काळे डाग नसावेत आणि मधले पान हलकेच ओढल्यास सुटून येऊ नये. फळ फ्रिजमध्ये ठेवण्याआधीच तुरा काढून घ्यावा, कारण अननसाचा कोवळा कोंब थंडी सोसत नाही. एका हाताने फळ आणि दुसऱ्या हाताने तुरा घट्ट धरून पिळला, की तो बुडाशी आपोआप निखळतो. सुरीने कापला तर गर बरोबर येतोच. आता खालची लहान पाने एकेक करून, खालच्या दिशेला ओढून सोलून काढावीत. साधारण तीन सेंटिमीटर खोड उघडे पडले, की त्यावर बारीक तपकिरी ठिपके, कुठे कुठे दाण्यासारखे किंचित फुगीर उंचवटे दिसतात. ते मुळांचे अंकुर होत. काही तुऱ्यांत तर पानांच्या आड आधीच बोटभर लांबीची मुळे गुंडाळलेली सापडतात. हे अंकुर दिसेपर्यंतच सोलावे, त्याहून वर जाऊ नये.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सोललेला तुरा सावलीत, हवेशीर जागी, बूड वर करून किंवा आडवा ठेवून वाळू द्यावा. ऑक्टोबर ते मे या काळात चार-पाच दिवस पुरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत आठवडा किंवा थोडे अधिक लागते आणि पंख्याखाली ठेवणे बरे. पाने थोडी मलूल झाली तर काळजीचे कारण नाही. जखम कोरडी, फिकट तपकिरी आणि बोटाला टणक लागली की तुरा लावण्यास तयार झाला. तो मातीत उघड्या खोडापुरताच रोवावा, भोवतालची माती बोटांनी घट्ट दाबावी, आणि मधल्या गाभ्यात मातीचा कणही जाणार नाही हे पाहावे. एकदाच पाणी घालावे. त्यानंतर वरची माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पुन्हा घालू नये. कुंडी पहिले काही आठवडे सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा ठिकाणी ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांनी तुरा हलकेच ओढून पाहावा. तो मातीला धरून राहिला, तर मुळे फुटली आहेत. गाभ्यातून फिकट हिरवे नवे पान दिसू लागले, की रोप लागले असे समजून कुंडी हळूहळू भर उन्हात न्यावी.

तुरा पाण्याच्या पेल्यात ठेवून मुळे फुटू देण्याची पद्धतही पुष्कळ घरांत आहे. तिने मुळे फुटतात हे खरे, परंतु पाण्यात वाढलेली मुळे मातीत गेल्यावर पुष्कळदा मोडतात किंवा मरतात आणि रोपाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मी थेट मातीचाच आग्रह धरीन.

प्रश्न (गोरेगाव) : अननसासाठी माती कशी असावी? पाणी मुळाशी घालावे की पानांवर? आणि पावसाळ्यात कुंडी आत घ्यावी का?

उत्तर : अननसाची मुळे उथळ आणि नाजूक असतात, म्हणून माती भुसभुशीत, निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी असावी. आपल्याकडे मिळणारी तांबडी माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि कोकोपीट व जाड वाळू मिळून एक भाग, हे मिश्रण उत्तम चालते. त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. बारा इंची कुंडी पुरते, मात्र तिच्या तळाची भोके मोकळी हवीत. इमारतीच्या दुरुस्तीतून पडलेला सिमेंट-चुन्याचा चुरा कुंडीत जाऊ देऊ नये. त्याने माती अल्कधर्मी होते, रोपाला लोह मिळेनासे होते आणि नवी पाने पिवळी पडतात.

पाण्याच्या बाबतीत अननसाची रीत इतर झाडांहून वेगळी आहे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. अननसाची मुख्यतः रात्री उघडतात. रात्रीच्या थंडाव्यात तो कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो, आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन त्या साठ्यावर प्रकाशसंश्लेषण करतो. भर उन्हात दार बंद असल्यामुळे त्याचे पाणी फारसे उडून जात नाही, आणि म्हणूनच चार दिवस गावी जाऊन आलात तरी तो तक्रार करीत नाही. याशिवाय, पन्हळीसारख्या वळलेल्या पानांवरून दव आणि पाऊस घरंगळत बुडाशी येतात, आणि पानांची बुडे तेथे साठलेले पाणी व त्यात विरघळलेले खत थेट शोषून घेतात. म्हणून पातळ केलेले खत मुळांपेक्षा पानांच्या बेचक्यांत देणे अधिक लाभाचे ठरते. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत विरघळवून ते महिन्यातून दोनदा, सकाळी, पानांवरून ओघळेल असे द्यावे. कोरडे रासायनिक खत बेचक्यात किंवा गाभ्यात कधीही टाकू नये. त्याने कोंब जळतो.

बेचक्यांतले पाणी मुंबईत मात्र डासांच्या दृष्टीने पाहावे लागते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा पाइपच्या धारेने बेचकी धुऊन काढली आणि कुंडीखाली ताटली ठेवली नाही, तर ही चिंता राहत नाही.

पावसाचे म्हणाल, तर अननस पावसाला भीत नाही. केरळ, त्रिपुरा, मेघालय ही भरपूर पावसाची राज्येच त्याची घरे आहेत. पण तेथे तो उतारावर किंवा वाफ्यावर असतो आणि पाणी वाहून जाते. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. निचरा चांगला असेल तर मुळे धरलेले रोप उघड्यावर खुशाल राहू द्यावे. कुंडी विटांवर ठेवून जमिनीपासून उचललेली असावी, म्हणजे झाले. नुकताच लावलेला तुरा मात्र जुलैत उघड्या ग्रिलमध्ये ठेवू नये.

प्रश्न (चेंबूर) : माझे रोप दोन वर्षांचे झाले. दिसायला हिरवेगार आहे, पण फुलाचे नाव नाही. शेजारच्या बाई म्हणतात, सफरचंद ठेवून पिशवी बांधा. यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य आहे, पण घाई करू नये. अननसाला फूल येते ते वयामुळे नव्हे, आकारामुळे. शेतात तुऱ्यापासूनचे रोप वीस-चोवीस महिन्यांत फळापर्यंत पोहोचते. बाल्कनीत तीन-चार तासच ऊन मिळत असेल तर तेवढ्याच वाढीला तीन वर्षेही लागू शकतात. रोपावर पस्तीस-चाळीस जोमदार पाने आहेत का आणि मधली पाने हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या लांबीहून मोठी आहेत का, हे आधी मोजून पाहावे. पाने लांब पण पातळ, मऊ आणि गडद हिरवी असतील, तर ऊन कमी पडते आहे असे समजावे. दिवसाचे सहा तास ऊन मिळेल अशी जागा शोधणे, गच्चीवर परवानगी मिळत असेल तर कुंडी तेथे नेणे, हाच खरा उपाय.

पूर्ण वाढलेले रोप आपण होऊन फुलते ते बहुधा डिसेंबर-जानेवारीतल्या लहान दिवसांच्या आणि गार रात्रींच्या चेतावणीने. मुंबईची थंडी बेताची असल्यामुळे ही चेतावणी कधी कधी कमी पडते, आणि तेथे सफरचंदाचा उपयोग होतो. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो, आणि अननसाच्या कोंबाला फुलोऱ्याकडे वळवणारा संदेश हाच वायू देतो. हे ज्ञान जुने आहे. अझोर बेटांवरच्या काचघरांत एकोणिसाव्या शतकातच असे दिसून आले होते, की धूर कोंडल्यावर अननस एकदम फुलतात. त्या धुरातही इथिलीनच होता. आजचे शेतकरी त्यासाठी इथेफॉन हे द्रव्य अगदी अल्प प्रमाणात गाभ्यात घालतात, आणि एकाच वेळी संपूर्ण शेत फुलवून घेतात.

घरी करायचे ते असे. गाभ्यातले पाणी कुंडी तिरपी करून काढून टाकावे. दोन पिकलेली सफरचंदे किंवा चांगली पिकलेली केळी रोपाच्या बुडाशी ठेवावीत, मोठ्या प्लास्टिक पिशवीने रोप झाकून तोंड सैलसर बांधावे आणि कुंडी सावलीत ठेवावी. उन्हात ठेवली तर पिशवीतल्या उष्णतेने पाने भाजतील. पाच-सहा दिवसांनी पिशवी काढावी. प्रयोग साधला असेल तर सहा ते आठ आठवड्यांत गाभ्यातली पाने आखूड होऊन त्यांच्या बुडाशी लालसर छटा दिसते, आणि मग बारीक शंकूसारखा फुलोरा वर येतो. पिकवण्याच्या नावाखाली विकली जाणारी कार्बाइडची पूड मात्र घरात आणू नये. फळे पिकवण्यासाठी तिच्या वापराला कायद्याने बंदी आहे आणि तिच्यात विषारी अशुद्ध द्रव्ये असतात.

घाई करू नये असे म्हटले, त्यामागे माझा एक आग्रह आहे. फुलोऱ्यात किती फुले धरायची, म्हणजेच फळाला किती डोळे असायचे, हे कोंब वळतो त्या थोड्याच दिवसांत ठरून जाते, आणि त्या वेळी रोपाजवळ पानांची जेवढी पुंजी असेल तेवढ्यावरच ते ठरते. पुढे कितीही खत घातले तरी डोळे वाढत नाहीत. असलेले डोळे फार तर चांगले पोसतात. वीस पानांच्या रोपाला सफरचंद दाखवून फुलवलेत, तर मुठीएवढा अननस मिळेल आणि त्या खोडाची संधी कायमची संपेल. आणखी सहा महिने पाने वाढू दिलीत, तर त्याच कुंडीत पाहुण्यांपुढे कापून ठेवावा असा अननस येऊ शकतो. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी ज्यांना ‘फळ लहान आले’ असे वाटते, त्यांनाही माझे हेच उत्तर आहे.

प्रश्न (भांडुप) : पानांच्या बुडाशी पांढरा कापसासारखा थर दिसतो आणि कुंडीत मुंग्या झाल्या आहेत. औषध कोणते मारावे?

उत्तर : हा पिठ्या ढेकूण आहे. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याला एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेऊन बसवतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा. बेचक्यांतला थर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा, आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणपाणी मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा संध्याकाळी फवारावे. पानांची टोके लालसर होऊन सुकत आणि खाली वळत चालली असतील, तर या किडीबरोबर येणारा मर रोग झाला असण्याचा संभव आहे. असे रोप वेगळे ठेवावे आणि त्याचे फुटवे लावण्यासाठी वापरू नयेत.

प्रश्न (गिरगाव) : आमच्या अननसाला फळ आले आणि आम्ही ते काढले. आता रोप उपटून टाकावे का? बाजूने लहान रोपे फुटली आहेत.

उत्तर : उपटू नये. ज्या खोडाने फळ दिले ते पुन्हा फळणार नाही, परंतु त्याची पाने अजून काही महिने बाजूच्या पिलांना पोसतात. फळाच्या देठावर, फळाच्या लगेच खाली येणारे लहान फुटवे आणि खोडाच्या बुडातून किंवा पानांच्या बेचक्यांतून येणारे मोठे मुनवे, असे दोन प्रकार आपल्याला दिसतील. मुनवा सर्वांत जोमदार असतो आणि पंधरा ते अठरा महिन्यांत फळ देतो. देठावरच्या फुटव्याला त्याहून थोडा अधिक आणि तुऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. नवी रोपे करायची असतील, तर मुनवा फूटभर लांब झाल्यावर बुडाशी धरून पिळून काढावा आणि तुऱ्याप्रमाणेच खालची पाने सोलून, वाळवून लावावा.

त्याच कुंडीत दुसरे पीक घ्यायचे असेल, तर जमिनीला सर्वांत जवळचा एकच मुनवा राखावा, बाकीचे काढून टाकावेत आणि वरून खत-मातीची भर द्यावी. चार-पाच मुनवे तसेच ठेवण्याचा मोह होतो. कुंडीत ते एकमेकांचे ऊन आणि अन्न खातात. राखलेल्या मुनव्याचे फळ पहिल्यापेक्षा थोडे लहान येते, आणि त्यानंतर मात्र माती बदलून नव्याने लावणे श्रेयस्कर.

जातीविषयीही काही जणांनी विचारले आहे. मोठे, पिकल्यावरही गर फिकट पिवळा असणारे आणि पानांना फक्त टोकाशी काटे असणारे ते क्यू. लहान, सोनेरी गराचे, सुवासिक आणि पानांच्या कडांना काटे असणारे ते क्वीन. केरळातल्या वाळकुळमचा मॉरिशस हाही क्वीनच्याच गोतावळ्यातला. लहान मुले वावरतात अशा बाल्कनीत क्यू बरा. कुंडी लहान असेल आणि चव हवी असेल, तर क्वीन.

प्रश्न (मुलुंड) : फुलोरा येऊन चार महिने झाले. फळ हिरवेच आहे. काढून तांदळात ठेवले तर पिकेल का?

उत्तर : कृपया काढू नका. आंबा आणि केळे पिष्ट साठवून ठेवतात, त्यामुळे काढल्यावरही त्याची साखर होऊन ती गोड होतात. अननसाजवळ असा साठा नसतो. त्याची गोडी रोपाकडून येते, आणि तीही शेवटच्या काही आठवड्यांत. तोडलेला हिरवा अननस पिवळा होईल, मऊ होईल, पण आहे त्याहून गोड होणार नाही.

फुलोरा दिसल्यापासून साधारण पाच ते सहा महिने धरून चालावे. डोळे टपोरे होऊन सपाट पडतात, त्यांच्यामधल्या फटी भरतात, आणि बुडापासून पिवळा रंग वर चढू लागतो. घरच्या फळाला बाजाराचा प्रवास करायचा नसल्यामुळे निम्म्याहून अधिक भाग पिवळा होईपर्यंत आणि जवळ गेल्यावर वास येईपर्यंत थांबता येते. मात्र पावसाळ्यात त्याहून जास्त थांबू नये, कारण पिकलेल्या फळाला भेगा पडून ते आंबते. एप्रिल-मेच्या उन्हात फळाची पश्चिमेकडची बाजू भाजून पांढरट होते. त्यासाठी वरची लांब पाने फळाभोवती गोळा करून सुतळीने सैल बांधावीत किंवा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा, आणि दांडा कलू लागला तर काठीचा आधार द्यावा. काढताना देठ दोन बोटे ठेवून धारदार सुरीने कापावा. फळाचा बुडाकडचा भाग आधी पिकत असल्यामुळे तो माथ्यापेक्षा गोड असतो. चकत्या करण्याआधी फळ काही तास उलटे ठेवल्याने गोडी सगळीकडे पसरते असे सांगितले जाते, त्यात अर्थ नाही. सर्वांना सारखी गोडी मिळावी असे वाटत असेल, तर आडव्या चकत्यांऐवजी उभ्या फोडी कराव्यात, आणि तुरा त्याच दिवशी सोलून सावलीत वाळत ठेवावा.